न हलणाऱ्या काट्याची परीक्षा

विहिरीवरची मोटर दर हंगामात बेअरिंग खायला लागली की शेतकरी आधी बेअरिंगच्या कंपनीला नावे ठेवतो, मग वायंडिंगवाल्याला. खरा दोष पुष्कळदा शाफ्टचा असतो. शाफ्ट डोळ्याला सरळ दिसतो, हाताला गुळगुळीत लागतो, पण फिरताना माणसाच्या केसाच्या जाडीइतका डोलत असतो. मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या मोटरमध्ये एवढे डोलणे बेअरिंगचा जीव घ्यायला पुरते. ते पकडणारे, वीज न लागणारे आणि तळहातावर मावणारे उपकरण म्हणजे डायल इंडिकेटर. शॉपमध्ये आम्ही त्याला नुसते ‘डायल’ म्हणतो.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. लेथवरून, मिलिंगवरून, ग्राइंडिंगवरून आलेला जॉब माझ्या टेबलावर येतो आणि डायलखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. आमच्याकडची पोरे चार-पाच वर्षे नोकरी करून स्वतःचा एखादा लेथ टाकतात. लेथसाठी कर्ज काढलेले असते, मोजमापाच्या अवजारांना पैसे उरत नाहीत. मग कुणीतरी सुट्टीच्या वेळी येऊन विचारतो, “ताई, एक जुना मिटुटोयो डायल मिळतोय. घेऊ काय?”

“घे. पण परीक्षा घेऊन घे.”

“काटा तर मस्त फिरतोय की.”

“काटा फिरतो हे पाहिलंस. परत जागेवर येतो का, ते पाहिलंस का?”

या शेवटच्या प्रश्नासाठीच हा लेख लिहिते आहे.

आत काय आहे

डायलचे मागचे झाकण काढले की आत घड्याळाची यंत्रणा दिसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातले वॉल्थम हे घड्याळांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध गाव. तिथल्याच जॉन लोगन यांनी १८८३ मध्ये आजच्या डायलशी मिळत्याजुळत्या गेजचे पेटंट मागितले. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सची थॉमस मर्सर ही कंपनी जहाजांवरची क्रोनोमीटर घड्याळे बनवत असे, तीच डायलही बनवू लागली. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत ‘बेकर मर्सर’ असे जोडनाव छापलेले डायल अजून सापडतात, आणि बेकर ही पुण्याची कंपनी. १९३४ मध्ये सुरू झालेली जपानची मिटुटोयो आपल्याकडे खूप नंतर सर्वदूर पोहोचली. आज जुन्या मालात बहुतेक हीच दोन नावे भेटतात.

साध्या प्लंजर डायलची रचना समजायला सोपी आहे. ८ मिलिमीटर जाडीच्या पोकळ स्टेममधून एक सळई आत-बाहेर सरकते. हा प्लंजर. त्याच्या अंगावर दाते कोरलेले असतात. ते एका लहान पिनिअनला फिरवतात, त्याच पिनिअनच्या अक्षावरचे मोठे चाक मधल्या पिनिअनला फिरवते आणि त्या मधल्या पिनिअनवर काटा बसवलेला असतो. ०.०१ मिलिमीटरच्या डायलमध्ये प्लंजर १ मिलिमीटर आत गेला की काटा एक पूर्ण फेरा मारतो. तबकडीवर १०० भाग असतात, म्हणून एक भाग म्हणजे शंभरांश मिलिमीटर, आमच्या बोलीत ‘दहा मायक्रॉन’. तबकडीवर मात्र दोन भागांत सुमारे दीड मिलिमीटरचे अंतर असते. म्हणजे डोळ्याला न दिसणारी हालचाल दीडशे पटींनी मोठी होऊन समोर येते. किती पूर्ण फेरे झाले ते आतल्या तबकडीवरचा छोटा काटा सांगतो.

या यंत्रणेत दोन स्प्रिंगा असतात. एक प्लंजरला बाहेर ढकलते. दुसरी हेअरस्प्रिंग. दात्यांमध्ये जी थोडी मोकळीक असतेच, ती ही स्प्रिंग सतत एका बाजूला दाबून धरते, म्हणून काटा पुढे जाताना आणि मागे येताना गिअर लटपटत नाहीत. चांगल्या डायलमध्ये अक्षांची टोके माणकाच्या खड्यांत बसवलेली असतात. प्लंजर दाबायला जेमतेम दीडशे ग्रॅमचा जोर लागतो, तोही सबंध यंत्रणेला पुरला पाहिजे. त्यामुळे कुठेही थोडे घर्षण वाढले, धूळ गेली, तेल चिकट झाले किंवा स्टेम चेपला की प्लंजरला बाहेर ढकलणाऱ्या स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो. प्लंजर अडकतो आणि काटा आहे तिथेच थांबतो.

तुलना करणारे उपकरण

व्हर्निअरने किंवा मायक्रोमीटरने आपण जॉबचे माप थेट वाचतो. डायल तसे माप सांगत नाही. तो दोन जागांमधला फरक सांगतो: इथे जेवढे होते त्यापेक्षा तिथे किती जास्त, किती कमी. एवढ्याच कामात तो इतका तरबेज आहे की त्याच्यावाचून लेथचे चक, मिलिंगचा व्हाइस, ग्राइंडिंगची सेंटर्स यातले काहीच नीट लावता येत नाही.

चार जबड्यांच्या चकात जॉब सेंटरला घेणे हे त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत सुंदर काम. या चकाचा प्रत्येक जबडा स्वतंत्र सरकतो, त्यामुळे जॉब हवा तसा हलवता येतो. समजा, आधी एक व्यास फिनिश झालेला बुश पुन्हा पकडायचा आहे. तो अंदाजाने मध्ये धरायचा, लेथ न्यूट्रलला टाकायचा, मॅग्नेटिक स्टँड बेडवर बसवायचा. डायलचे टोक फिनिश व्यासावर आडवे, बरोबर मध्यरेषेच्या उंचीवर टेकवायचे आणि काट्याला साधारण अर्धा फेरा दाब द्यायचा. दाब दिला नाही तर जॉब डायलपासून दूर जाईल तेव्हा टोक हवेत राहील आणि काटा काहीच सांगणार नाही. मग चक हाताने सावकाश फिरवायचे. मशीन चालू करून डायल कधीही लावायचा नाही.

एक नंबरच्या जबड्यापाशी काटा ३० वर आहे आणि समोरच्या तीन नंबरपाशी ७०. फरक ४० भागांचा, म्हणजे ०.४० मिलिमीटर. नवीन पोर इथे जॉब ०.४० सरकवायला जाते. जॉब मात्र सरकवायचा ०.२०, कारण अर्धा फेरा फिरताना केंद्राची चूक दोनदा दिसते, एका बाजूला पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे. म्हणून तीन नंबर डायलसमोर असताना एक नंबर थोडा सैल करायचा आणि तीन नंबर आवळायचा, काटा ५० वर येईपर्यंत. मग दोन आणि चार. मग पुन्हा एक आणि तीन. हात बसलेला टर्नर हे काम दोन-चार मिनिटांत करतो आणि शेवटी चकाचा एक फेरा होतो तेव्हा काटा एका भागाच्या आत हलतो.

काटा कसा हलतो याचीही एक भाषा आहे. एका फेऱ्यात तो एकदा वर जाऊन एकदा खाली आला, तर जॉब केंद्राबाहेर आहे. दोनदा वर आणि दोनदा खाली गेला, तर जॉब लंबगोल झालाय आणि जबडे कितीही हलवले तरी ती चूक जाणार नाही. तीनदा वर-खाली झाला, तर पातळ भिंतीचा बुश तीन जबड्यांच्या चकात जोरात आवळून आतून बोअर केला होता का, ते विचारायचे. आवळलेला असताना बोअर गोल होता. चक सोडल्यावर भिंत मूळ आकाराला आली आणि बोअर तीन कोपऱ्यांचा झाला. काय झालंय आणि कुठल्या मशीनवर झालंय, हे काट्याच्या चालीवरून कळते. इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसून मला या कामाची गोडी लागली ती यामुळेच.

किती बारीक लागते

आमच्याकडे पंपांचे आणि मोटरींचे शाफ्ट खूप येतात. ६२०५ नंबरचे बेअरिंग सगळ्यांच्या ओळखीचे: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. ते जिथे बसते त्या शाफ्टवर ड्रॉइंगमध्ये बऱ्याचदा ‘२५ के६’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ व्यास २५ पेक्षा निदान २ मायक्रॉन आणि जास्तीत जास्त १५ मायक्रॉन मोठा हवा. मधला पट्टा फक्त १३ मायक्रॉनचा, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

या पट्ट्यात ०.०१ चा डायल व्यास तपासायला चालत नाही. त्याचा एक भागच १० मायक्रॉनचा. व्यासासाठी कंपॅरेटर स्टँडवर ०.००१ चा डायल लावायचा, २५ मिलिमीटरच्या स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी ठोकळ्यावर, झिरो लावायचा आणि मग शाफ्ट त्याखाली धरायचा. शाफ्टचे डोलणे, म्हणजे रनआउट, तपासायला मात्र शाफ्ट बेंच सेंटरवर धरून ०.०१ चा डायल बेअरिंगच्या जागेवर लावला की पुरते. जे तपासायचे त्याच्या दहापट बारीक वाचणारे उपकरण घ्यावे, हा जुना नियम अजूनही खरा आहे.

आणखी एक गोष्ट पोरे विसरतात, ती म्हणजे उष्णता. मोजमापाचे जगभर मान्य असलेले तापमान २० अंश सेल्सिअस. एक मीटर लांबीचे पोलाद एका अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला २५ मिलिमीटरचा शाफ्ट स्लिप गेजपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर तो जवळपास ९ मायक्रॉन फुगलेला असतो. तेरातले नऊ तिथेच गेले. म्हणून मी गरम जॉब हातात घेत नाही. जॉब आणि स्लिप एकाच प्लेटवर काही वेळ शेजारी शेजारी ठेवते, दोन्ही एका तापमानाला आली की मोजते. दोन्ही पोलादी असल्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यातही तुलना खरी राहते.

पपी डायल आणि तिरका कोन

जिथे प्लंजर डायल शिरत नाही, उदाहरणार्थ बोअरच्या आत किंवा एखाद्या खाचेत, तिथे लिव्हर डायल लावतात. शॉपमध्ये त्याला ‘पपी डायल’ म्हणतात. त्याचे बारीक टोक बाजूला झुकते. त्याची चाल थोडी असते, ०.०१ च्या डायलमध्ये बहुधा ०.८ मिलिमीटर. हे टोक पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवायचे असते. तिरके ठेवले तर काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. ३० अंशांचा कोन असेल तर दाखवलेल्या ०.२० पैकी खरे सुमारे ०.१७. ६० अंश असेल तर खरे निम्मेच. जॉब सेंटरला घेताना याने बिघडत नाही, कारण तिथे आपल्याला काटा स्थिर करायचा असतो आणि शून्याचे निम्मेही शून्यच. आकडा लिहायचा असेल तेव्हा मात्र कोन सांभाळलाच पाहिजे. काही स्विस डायलचे टोक असे घडवलेले असते की ते १२ अंशांवर धरले की वाचन बरोबर येते. तसेच, तुटलेल्या टोकाच्या जागी दुसऱ्या लांबीचे टोक बसवले तर सगळी वाचने चुकतात. जुना पपी डायल विकत घेताना टोक मूळचेच आहे का, ही पहिली चौकशी.

बिघडलेला डायल काय म्हणतो

आमच्याकडे एकदा शाफ्टचा एक लॉट अडकला. ऑपरेटरच्या डायलवर रनआउट शून्य, माझ्या डायलवर चार भाग. दोघांनीही जॉब पुन्हा लावून पाहिला, आकडे तेच. त्याचे म्हणणे, माझा डायल लटपटतो. मी त्याचा डायल हातात घेतला, प्लंजर नखाने आत दाबला आणि सोडला. प्लंजर अर्ध्यात थांबला. स्टँडचा स्क्रू कुणीतरी इतका आवळला होता की स्टेम किंचित चेपला होता आणि प्लंजर आत गेल्यावर बाहेर येत नव्हता. शाफ्टचा उंच भाग आला की तो प्लंजरला आत ढकलत होता. खोल भाग आला तरी प्लंजर तिथेच, काटा तिथेच. ऑपरेटर प्रामाणिकपणे जे दिसत होते ते सांगत होता.

पट्टी तुटली की दिसते, मायक्रोमीटर खराब झाला की झिरो चुकतो आणि लक्षात येते. अडकलेला डायल मात्र प्रत्येक जॉबला चांगलाच म्हणतो. आपल्याला जे ऐकायचे असते, तेच तो ऐकवतो. काटा जेवढा स्थिर, तेवढे आपण खूश, आणि तेवढ्याच निर्धास्तपणे वाईट माल पुढे जातो. म्हणून जुन्या डायलची परीक्षा म्हणजे मुख्यतः एकच गोष्ट तपासणे: हलायला हवे तेव्हा काटा हलतो का आणि परत यायला हवे तेव्हा परत येतो का.

परीक्षा कशी घ्यायची

बंद पडलेल्या कारखान्यांचा लिलाव, नवीन यंत्रणा आल्यावर जुने अवजार विकून टाकणारी टूलरूम, पुण्या-मुंबईचे जुने बाजार, ओळखीचा भंगारवाला, अशा वाटांनी जुना डायल आपल्यापर्यंत येतो. विकणाऱ्याला तो किती चालला हे बहुधा ठाऊक नसते. सोबत मॅग्नेटिक स्टँड, एक भिंग, व्हर्निअर आणि स्लिप गेजची उसनी डबी घेऊन जावे. विकणारा तपासू देत नसेल तर तो डायल घेऊच नये.

सर्वांत आधी तबकडी वाचा. जुन्या मालात इंचाचे डायल पुष्कळ असतात. तबकडीवर ‘.००१’ दिसले की पोरे हरखतात आणि मायक्रॉन डायल स्वस्तात मिळाला असे समजतात. तो हजारांश इंच असेल, तर एक भाग म्हणजे २५.४ मायक्रॉन. इंचाची खूण आहे की मिलिमीटर लिहिले आहे, ते नीट पाहा. नामांकित नावाची नक्कलही बाजारात असते. छपाई धुरकट, अक्षरे वेडीवाकडी, नंबर नाही, असे दिसले तर नावाचे पैसे देऊ नका.

मग स्टेम. त्यावर स्क्रूचे खोल व्रण आहेत का? व्हर्निअरने दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा. फरक लागला तर स्टेम चेपला आहे. बाहेरची कडी, म्हणजे बेझल, हाताने फिरली पाहिजे, पण सोडली की जागेवर राहिली पाहिजे. ती आपोआप सरकत असेल तर लावलेला झिरो दुपारपर्यंत टिकणार नाही.

आता प्लंजर. तो नखाने अगदी हळू आत दाबा, पूर्ण चालीपर्यंत, आणि तितक्याच हळू सोडा. झटक्याने सोडाल तर अडकण्याची जागा कळणारच नाही. बोटाला कुठे खरखर लागते का, काटा कुठे थबकून उडी मारतो का, हे पाहा. डायल उभा धरून करा, आडवा धरून करा, उलटा धरून करा. मग प्लंजर मध्यावर धरून त्याला बाजूला हलकेच ढकला. काटा दोन-तीन भाग हलला तर आतले बुश झिजलेले आहेत.

टोक काढून भिंगाखाली धरा. ते गोल असायला हवे. त्यावर चकाकणारा सपाट ठिपका दिसला तर ते झिजले आहे. मेट्रिक डायलमध्ये हे टोक बहुधा २.५ मिलिमीटरच्या आट्यांचे असते, स्वस्तात बदलता येते. यासाठी डायल नाकारू नका, फक्त भाव उतरवा.

आता स्टँडवर लावा. स्टँड डळमळीत असेल तर डायलला दोष देण्यात अर्थ नाही, म्हणून आधी हात आखूड ठेवा आणि सगळे स्क्रू आवळा. सरफेस प्लेटवर किंवा स्वच्छ सपाट जागी टोक टेकवा, एक फेरा दाब द्या, झिरो लावा. प्लंजर वरून उचला आणि हळू सोडा. असे पुन्हा पुन्हा करा. प्रत्येक वेळी काटा शून्यावर यायला हवा. अर्ध्या भागापेक्षा जास्त फरक पडत असेल तर डायल परत द्या.

शेवटी स्लिप. स्लिपच्या संचात १.० पासून १.९ पर्यंत दहांश मिलिमीटरच्या पायऱ्या असतात. १.० वर झिरो लावा आणि मग १.१, १.२ करत १.९ पर्यंत जा. प्रत्येक पायरीला काटा १० भाग पुढे गेला पाहिजे. आकडे कागदावर लिहा. रोजच्या वापरात डायलला पहिल्या फेऱ्यातच दाब दिलेला असतो, म्हणून दाते तिथेच जास्त झिजतात. त्यामुळे हीच परीक्षा दोन-तीन फेरे आतही घेऊन पाहावी. तिथे वाचन बरोबर आणि सुरुवातीला चुकीचे आले, तर झीज कुठे आहे हे कळले.

स्लिपच्या या परीक्षेला एक मर्यादा आहे. स्लिप सरकवायला प्लंजर उचलावा लागतो आणि मग तो दर वेळी वरून खालीच येतो. आत जाताना आणि बाहेर येताना एकाच जागी डायल वेगळे वाचतो का, हे त्यात दिसत नाही. ते पाहायला मायक्रोमीटर हेडवर डायल लावून दोन्ही दिशांनी वाचने घ्यावी लागतात. कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत हेच करतात. प्लंजर डायल कसा असावा आणि त्यात किती चूक चालते, हे भारतीय मानक आयएस २०९२ मध्ये दिलेले आहे. मोटार कंपन्यांना माल द्यायचा असेल तर एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचा दाखला लागतोच. माझे म्हणणे, कुणी मागो न मागो, जुना डायल घेतल्यावर पहिले काम तो लॅबमध्ये पाठवण्याचे. दाखल्याच्या खर्चासकट किंमत नव्याच्या निम्म्याच्या आसपास राहत असेल तरच सौदा परवडला.

घरी आणल्यावर

प्लंजरला तेल घालू नका. माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या डायलपैकी पुष्कळांना कुणीतरी काळजीपोटी तेल पाजलेले असते. तेल चार दिवस बरे वाटते, मग त्यात कास्टिंगची काळी भुकटी बसते आणि घट्ट राप तयार होतो. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने प्लंजर पुसा, फार झाले तर कापडाला थोडे स्पिरिट लावा. स्टेम आवळताना बोटाच्या जोराने आवळा, पक्कड लावू नका. चालू लेथवर, किंवा चावीची खाच आणि भोके असलेल्या पृष्ठभागावर डायल फिरवू नका. टोक खाचेत पडून झटक्याने वर आले की आतल्या दात्यांवर घाव बसतो. टेबलावरून खाली पडलेला डायल काटा बरोबर दाखवत असला तरी स्लिपवर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका. काम संपले की डबीत ठेवा, व्हर्निअर आणि टूलबिटच्या ढिगाऱ्यात नको.

काटा अक्षावर सैल झाला, काच फुटली, टोक झिजले, राप बसला, एवढे दुरुस्त होते. चेपलेला स्टेम, वाकलेला प्लंजर आणि तुटलेले दाते यांच्या नादी लागू नये.

माझा सल्ला

ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने ०.०१ चा, १० मिलिमीटर चालीचा, चांगल्या कंपनीचा जुना प्लंजर डायल खुशाल घ्यावा. वर सांगितलेल्या परीक्षेत उतरलेला असा डायल, बिननावाच्या स्वस्त नव्या डायलपेक्षा मी केव्हाही पसंत करीन. पपी डायल जुना घ्यायचा तर टोक मूळचे असल्याची खात्री करून घ्यावा. ०.००१ चा डायल जुना घेऊ नये. त्याची यंत्रणा इतकी नाजूक असते की आधीच्या हाताने काय केले ते बाजारात उभे राहून कळत नाही, आणि तेरा मायक्रॉनच्या पट्ट्यात एका मायक्रॉनची शंकाही महाग पडते. तेवढ्यासाठी थांबावे, पैसे साठवावे आणि दाखल्यासह नवाच घ्यावा.

आणि डायल जुना असो की नवा, सकाळी पहिला जॉब लावण्याआधी प्लंजर बोटाने एकदा दाबून, हळू सोडून पाहा. काटा शून्यावर परत आला, तरच त्या दिवशीच्या शून्यावर सही करा.